मासिकांतल्या लेखांची सूची वाचनालयाने स्वतःच करावी का? (थोडं लांबलंय)

पिवळं पान

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. आम्ही माणसं तीन: मी, देवघेवीवर एक ताई आणि आमचे शिपाईकाका. वरच्या मजल्यावर बांधीव खंडांची खोली आहे. मनोरंजन, किर्लोस्कर, स्त्री, नवभारत या मासिकांचे तुटके संच, दिवाळी अंकांचे गठ्ठे, आणि गावातूनच निघणाऱ्या, आता बंद पडलेल्या एका साप्ताहिकाचे जवळजवळ सगळे खंड. शाळांच्या, बाजार समितीच्या, देवस्थानाच्या स्मरणिका दोन कपाटं भरून वेगळ्या.

गेल्या पावसाळ्यात पीएच.डी. करणारी एक मुलगी आली. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत आपल्या तालुक्यात काय झालं ते तिला हवं होतं. दोन दिवस ती 'इन्फ्लुएन्झा' शोधत पानं उलटत होती. हाती काही नाही. तिसऱ्या दिवशी काकांनी चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "बाई, मानमोडीचं बघताय का?" त्यांच्या आजीच्या तोंडी तो शब्द असायचा. मग काय, मानमोडी, मानमोडीचा ताप, मानमोडीवर काढा, अशा बातम्या ओळीने निघाल्या. सगळ्या शके १८४०च्या आश्विनाच्या आसपास, म्हणजे तीही आकडेमोड आलीच.

त्यानंतर कपाटाच्या तळाशी बुटांचं एक खोकं सापडलं. माझ्या आधीच्या आधीच्या ग्रंथपालांनी त्या साप्ताहिकाची केलेली कार्डं. निळ्या शाईत, बारीक अक्षर. एक कार्ड इथे जसंच्या तसं देते:

पाणाड्या
पहा: विहिरी, भूगर्भातील पाणी

असं एकेक बघत बसले तर संध्याकाळ झाली. १९८३ला कार्डं थांबतात. त्या वर्षी ते निवृत्त झाले.

ते काम पुढे न्यावं असं मला वाटतंय. कार्यकारी मंडळात विषय काढला तर उत्तर आलं, "आता सगळं नेटवर येणार. लेखांच्या याद्या करायचं काम मोठ्या संस्थांचं. आपण पुस्तकांची नोंद वेळेवर केली तरी पुष्कळ." त्यांचंही अगदीच चूक नाही, आमची दाखल नोंदवही चार महिने मागे आहे. तुमचं मत काय? कोणी केलंय का हे?

हेमाडपंती

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात २६ वर्षं ग्रंथपाल होतो. नव्वदच्या दशकात आम्ही येणाऱ्या प्रत्येक जर्नलमधल्या लेखांची कार्डं करायचो. दर सोमवारी नव्या लेखांची यादी सायक्लोस्टाइल करून विभागांत वाटायचो. प्राध्यापक मंडळी त्या कागदाच्या मागच्या बाजूला गणितं सोडवायची. पुढे ऑनलाइन डेटाबेस आले आणि एका वर्षात आमची सूची कोणी उघडेनासं झालं. सागवानी खणांचं कॅबिनेट होतं ते. आता त्यात वसतिगृहाच्या किल्ल्या असतात.

चूक आमचीच होती. जे लेख जगात दहा ठिकाणी सूचीत येत होते तेच आम्ही अकराव्यांदा लिहीत होतो. वैद्यकात पबमेड ही लेखांची ऑनलाइन सूची १९९७पासून सर्वांना फुकट आहे. आपल्याकडच्या इंग्रजी नियतकालिकांसाठी 'गाइड टू इंडियन पीरिऑडिकल लिटरेचर' १९६४पासून आहे. ज्याची सूची कुठेतरी आहे तिला हात लावू नये, हा माझा २६ वर्षांचा निष्कर्ष.

बाइटभर

धागा आवडला, पण प्रश्नच जुना आहे असं वाटतं. स्कॅन करा, ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखणारं तंत्र) लावा, सर्च बॉक्स द्या. लेखाचं शीर्षक, लेखक, विषय कशाला कोणी हाताने लिहायचं? मजकुरातला प्रत्येक शब्दच सूची होतो. शिवाय आता एआय आहे, ते विषयही लावून देईल. एक चांगला स्कॅनर आणि दोन कॉलेजची मुलं, सहा महिन्यांत खोली रिकामी.

जुनी शाई

बाइटभरसाहेब, खोली रिकामी होईल खरी, पण ती मुलं पळून गेल्यामुळे. :)

मी सूचीकार. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. तुमचं ओसीआर जुन्या मराठीवर चालवून बघितलंय का? १९६२मध्ये शुद्धलेखनाचे नियम बदलले. त्याआधीचं पान उघडा: नांव, कोठें, घरें, त्यामुळें. डोक्यावर इतके टिंब की यंत्राला वाटावं पानावर मुंग्या चालल्यात. तुम्ही 'नाव' शोधणार आणि पानावर आहे 'नांव'. हे तरी सोपं. किर्लोस्कर, स्त्री, मनोहर यांत सावरकरी लिपी होती, अ-ची बाराखडी. तिथे 'इतिहास' नाही, 'अितिहास' आहे. 'उद्योग' नाही, 'अुद्योग'. 'एक' नाही, 'अेक'. तुमच्या सर्च बॉक्समध्ये 'अितिहास' कोण टंकणार?

आणि समजा सगळी अक्षरं अचूक आली. तरी मानमोडीचं काय? त्या मुलीने लिहिलं असतं 'इन्फ्लुएन्झा', पानावर 'मानमोडी'. ती 'कॉलरा' लिहिणार, पानावर 'पटकी'. ती 'प्लेग' लिहिणार आणि संपादकांनी विद्वत्ता दाखवायला 'ग्रंथिक सन्निपात' छापलेलं. पानावर नसलेला शब्द पानाला जोडून देणं, सूचीकाराचं काम इथे सुरू होतं. शब्द शोधायला यंत्र आहेच की.

तिसरी गंमत म्हणजे आपल्या लेखांची शीर्षकं. 'काही विचार'. 'एक चिंतन'. 'थोडे मागे वळून'. 'असेही एक गाव'. मी एकदा दिवाळी अंकांची सूची करत होतो तेव्हा 'दिवा आणि वात' नावाचा लेख ऊस शेतीवरचा निघाला. शीर्षकावरून विषय कळेल तर शपथ.

बाइटभर

काका, अक्षरांच्या बाबतीत मान्य, अितिहासाचं मला खरंच माहीत नव्हतं. पण समानार्थी शब्दांचा तक्ता एकदा बनवला की प्रश्न मिटला ना? आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयानेसुद्धा २०२२पासून विषय लावण्याचं काम यंत्रावर सोपवलंय. ते वेडे आहेत का?

हेमाडपंती

वेडे नाहीत. पण त्या यंत्राने शिकायचं कशावर, तर माणसांनी हाताने केलेल्या कोटींच्या घरातल्या नोंदींवर. १८७९मध्ये बिलिंग्ज नावाच्या लष्करी डॉक्टरने सर्जन जनरलच्या ग्रंथालयात, म्हणजे याच ग्रंथालयाच्या जुन्या रूपात, बसून 'इंडेक्स मेडिकस' सुरू केला. मुळात ती एका ग्रंथालयाने आपल्याकडे येणाऱ्या जर्नलांची केलेली घरचीच सूची. सव्वाशे वर्षं छापली गेली, २००४ला छापणं थांबलं. विषयशीर्षकांचा त्यांचा तक्ता, मेश, १९६०चा, आणि तो आजही दर वर्षी दुरुस्त होतो. तेव्हा 'तक्ता एकदा बनवला की झालं' असं नसतं. मराठीसाठी तसला तक्ता बनवायचा तर आधी कोणीतरी मानमोडी आणि पटकीची कार्डं केलेली हवीत.

वर मी सूचीच्या विरोधात लिहिलं आणि आता बाजूने लिहितोय असं वाटेल. पण दोन्ही एकच आहे. अभियांत्रिकीची जर्नलं ताईंच्या गावात कोणी करू नयेत. ताईंच्या गावचं साप्ताहिक ताईंशिवाय दुसरं कोणी करणार नाही. न्यूयॉर्कला नाही, पुण्यालाही नाही.

उंबरठा

+१. वाचतेय.

तिसरी घंटा

एक वेगळा मुद्दा, मी वकील असल्यामुळे. 'स्कॅन करून नेटवर टाका' हे जितक्या सहज बोललं जातं तितकं सोपं नाही. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. १९७०च्या दिवाळी अंकातला लेख ज्यांनी लिहिला ते २००५ला वारले असतील तर २०६५ संपेपर्यंत तो लेख वारसांचा. एका अंकात वीस लेखक, म्हणजे वीस घरांचे उंबरे झिजवायचे. निनावी किंवा टोपणनावाने छापलेल्या मजकुराला प्रकाशनापासून ६० वर्षं, पण खरं नाव त्या मुदतीत उघड झालं तर पुन्हा आयुष्याचा हिशेब.

लेख कोणत्या अंकात, कोणत्या पानावर, कशावर आहे एवढं सांगायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही. सूची आज नेटवर टाकता येते. स्कॅन करून ठेवा जरूर, जतनासाठी. पण जगाला दाखवायला तूर्त सूचीच.

पिवळं पान

वकीलसाहेब, हा मुद्दा मंडळात मांडायला फारच उपयोगी. आमचे अध्यक्ष कायद्याचं नाव काढलं की ऐकतात.

पण प्रश्न वेळेचा आहे हो. काल बसून हिशेब केला. साप्ताहिकाचे वर्षाला ५२ अंक. प्रत्येकात नोंद करण्यासारखे आठ मजकूर धरले तर वर्षाच्या चारशेवर नोंदी. १९८३नंतरची सतरा वर्षं उरलीत, म्हणजे सात हजार. ते खोकं टंकायचं ते निराळंच. परिरक्षण अनुदानाच्या तपासणीला साहेब येतात तेव्हा पुस्तकांची संख्या, सभासद, नोंदवह्या बघतात. लेखसूचीचा रकाना त्यांच्या कागदावर नाही. म्हणजे हे काम केलं काय न केलं काय, वाचनालयाच्या वर्गात फरक शून्य.

शून्य प्रहर

मग सहकार करा ना! प्रत्येक वाचनालयाने एकेक नियतकालिक घ्यायचं, सगळ्यांच्या नोंदी एका शीटमध्ये. महाराष्ट्रात इतकी वाचनालयं आहेत.

जुनी शाई

सहकार म्हणजे एकाने करायचं आणि बाकीच्यांनी +१ द्यायचं, असा माझा अनुभव. पण कल्पना जुनी आहे आणि एकदा जमलेलीही आहे. येल कॉलेजात विल्यम फ्रेडरिक पूल नावाचा विद्यार्थी मुलांच्या एका मंडळाचं ग्रंथालय सांभाळत होता. वादविवादाची तयारी करणारी मुलं येऊन विचारायची, अमुक विषयावर मासिकांत काय आलंय? अंक तर कपाटात होते, पण वाट माहीत नव्हती. त्याने सूची केली, ती १८४८ला छापली गेली. १८५३ला वाढवून दुसरी आवृत्ती काढली. पुढे मासिकं इतकी वाढली की एकट्याच्याने होईना. मग सुमारे ५० ग्रंथालयांनी आपापसांत मासिकं वाटून घेतली, नियम आधी ठरवले, नोंदी करून पूलकडे पाठवल्या. १८८२ला जाड ग्रंथ निघाला. त्यातही खोट होतीच. सूची फक्त विषयवार, लेखकांची नाहीच. १९०१मध्ये विल्सन या पुस्तकविक्रेत्याने 'रीडर्स गाइड' ही मासिकांतल्या लेखांची तयार सूची काढली आणि ग्रंथालयांनी वर्गणी भरून सुटकेचा निःश्वास टाकला. घरची सूची बंद पडली ती तिथपासून.

आपल्याकडे विल्सन झाला नाही. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ची मराठी ग्रंथसूची केली, १९४३ला छापली. पुढे १९५०पर्यंतची केली. काळे आणि बर्वे यांच्यासोबत १८०० ते १९५०च्या नियतकालिकांची सूचीही त्यांनी हाती घेतली. असली कामं एकेका माणसाने आयुष्य घालून केली. १९५०नंतरच्या दिवाळी अंकांच्या नुसत्या ढिगाचा विचार करा.

मांडवी

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे हा प्रश्न दुप्पट. पोर्तुगीज काळात काही पत्रं दोन भाषांत निघायची, अर्धं पान मराठी, अर्धं पोर्तुगीज. तोच माणूस मराठी भागात एका तऱ्हेने लिहिलेला, पोर्तुगीज भागात दुसऱ्याच तऱ्हेने. आडनावं तर विचारूच नका, गावाचं नाव तीन प्रकारे. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय १८३२चं आहे, तिथल्या जुन्या पत्रांत मी महिनोन् महिने बसलोय. बसलेल्या माणसाच्या वहीत जी सूची तयार होते ती त्याच्याबरोबर घरी जाते, हेच दुःख. ग्रंथालयाने एवढं तरी करावं की अभ्यासकाकडून त्याच्या टिपणांची एक प्रत मागून घ्यावी. ताई, त्या पीएच.डी.वाल्या मुलीची मानमोडीची टिपणं घेतलीत का?

पिवळं पान

नाही घेतली. :( आज फोन करते.

उंबरठा

मी ती अभ्यासकांची जात. दोन ओळींत माझी गरज सांगते. मला सुंदर सूची नको. मला फक्त इतकं कळू दे की तुमच्याकडे अमुक वर्षाचा खंड आहे का, त्यात कोणते अंक नाहीत, आणि साधारण कशाबद्दल काय आलंय. मुंबईहून सहा तास एसटीने येऊन 'तो खंड बाइंडिंगला गेलाय' हे ऐकलंय मी. एकदा नाही.

जुनी शाई

उंबरठाताईंनी बरोबर सांगितलं. लेखांच्या आधी खंडांची यादी. कोणते अंक आहेत, कोणते नाहीत. हे एका महिन्यात होतं आणि निम्मे फायदे त्यातच मिळतात.

नंतर लेख. पिवळं पानताई, तुमच्यासाठी काही गोष्टी, माझ्या हातून चुकलेल्या.

सगळं करायचं नाही. किर्लोस्कर-मनोरंजनाला हात लावू नका, ते संच अनेक मोठ्या ग्रंथालयांत आहेत. साप्ताहिक घ्या, स्मरणिका घ्या, जिल्ह्यात निघालेले दिवाळी अंक घ्या. साप्ताहिकात बाजारभाव, शुभेच्छा, 'इकडून तिकडून' सोडून द्या. पण जाहिराती सोडू नका. बाइंडर कव्हर आणि जाहिरातींची पानं फाडून टाकतात, ज्या उरल्यात त्या सोन्याच्या. गावात पहिली पिठाची गिरणी कधी आली ते जाहिरातच सांगते.

लेखकाचं नाव छापलंय तसं लिहा, आणि खरं नाव माहीत असेल तर 'पहा' देऊन जोडा. गडकरी एकच माणूस, पण कविता गोविंदाग्रज, विनोद बाळकराम, नाटकं राम गणेश. तीनही ठिकाणी वाचक पोचला पाहिजे. तुमच्या गावात 'एक शेतकरी', 'गावकरी', 'सत्यशोधक' असे डझनभर असतील. ते कोण हे सांगणारी म्हातारी माणसं अजून दोन-चार असतील, त्यांना आधी गाठा. कार्डं नंतर केली तरी चालतील.

विषय तुमच्या गावच्या बोलीत लिहा आणि बाहेरच्या शब्दाकडून 'पहा' द्या. इन्फ्लुएन्झा, पहा: मानमोडी. तुमच्या त्या जुन्या ग्रंथपालांनी पाणाड्याला हेच केलंय. त्यांचं नाव सूचीवर घाला.

बाइटभर

तंत्राचं मी सांगतो, इतके बोल खाल्ल्यावर तेवढं माझं कर्तव्य. तुमच्याकडे कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर असेल तर त्यात लेखाची नोंद मूळ अंकाच्या नोंदीला ७७३ या क्षेत्रातून जोडता येते, म्हणजे लेखावरून खंड आणि खंडावरून लेख दोन्ही सापडतात. नसेल तर साधी शीट पुरे: लेखक छापील, लेखक खरं नाव, शीर्षक, साप्ताहिकाचं नाव, छापलेली तिथी, इंग्रजी तारीख, पान, विषय एक, विषय दोन, नोंद कोणी केली.

एक सावधगिरी. पान ५-७ असं लिहिलंत की शीट त्याची तारीख करते, ५ जुलै. शंभर नोंदींनंतर लक्षात येतं आणि तोवर कोणतं पान होतं ते गेलेलं असतं. तो रकाना आधीच 'मजकूर' प्रकारचा करून ठेवा. हे मी स्वतःच्या लग्नाच्या हिशेबात शिकलो.

तिसरी घंटा

लग्नाच्या हिशेबात पान ५-७ कुठून आलं?

बाइटभर

पंगतीत ५-७ माणसं जास्त आली होती. शीट म्हणाली ५ जुलैला आली.

पिवळं पान

तीन आठवडे गायब होते, माफ करा. जे झालं ते सांगते.

मंडळाने 'बघू' म्हटलंय, म्हणजे नाही म्हटलेलं नाही. पैसे मिळणार नाहीत. दुपारी दोन ते चार वाचनालय बंद असतं, तेवढा वेळ मिळाला. किर्लोस्कर वगैरे सोडून दिले. खंडांची यादी पूर्ण झाली. पाच वर्षांचे खंड नाहीतच, त्यातलं एक १९७४. खोक्यातली कार्डं देवघेवीच्या ताई टंकतायत, त्यांना हे काम माझ्यापेक्षा आवडतंय. त्यांचं माहेर याच गावचं, 'गावकरी' म्हणजे जुने पोस्टमास्तर हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. मांडवीसाहेब, त्या मुलीने टिपणांची झेरॉक्स पाठवली, ४१ पानं. त्यात आम्हालाही न सापडलेल्या दोन बातम्या आहेत.

आता एक अडचण. १९७३च्या अखेरच्या अंकांत बहात्तरच्या दुष्काळावर एक लेखमाला आहे. खडी फोडायला जाणाऱ्या बायका, सुकडी, मुकादम हजेरी कशी लावायचा, सगळं नावानिशी. लिहिणारा 'एक कारकून'. तीन भाग आहेत आणि तिसऱ्याच्या खाली 'पुढे चालू'. पुढचा भाग १९७४च्या खंडात असणार आणि तो खंडच नाही. नोंद कशी करायची? अपूर्ण लिहू का तीन भागांची एकच नोंद करू?

जुनी शाई

भागांच्या तीन वेगळ्या नोंदी, एकमेकींना जोडलेल्या. तिसरीवर 'पुढील भाग पाहिलेला नाही'. 'अपूर्ण' लिहू नका, लेखकाने पूर्ण केलाही असेल. आणि चौथ्या भागासाठी एक कोरी नोंद आत्ताच तयार ठेवा.

शून्य प्रहर

ताई, साप्ताहिकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करता का? शेजारच्या तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात बाहेरगावच्या साप्ताहिकांचे काही खंड माळ्यावर आहेत. कोणते ते कोणालाच माहीत नाही, यादी नाही. रविवारी शिडी लावून बघतो.